डब्यांच्या रांगेचा स्वभाव

गिरणीच्या आवाजात झोप कशी येते, असं लोक मला विचारतात. आवाजातच येते. आवाज थांबला की जाग येते. माझ्या नवऱ्यानं औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी टाकली तेव्हा पहिले आठ दिवस माझं डोकं दुखलं. मग तो आवाज कानाच्या आत जाऊन बसला आणि तिथंच राहिला. दुपारी दारातून उन्हाचा एक पट्टा आत येतो. त्यात पीठ उडत असतं, खाली न बसता. त्याच्याकडं बघत राहिलं की वाटतं, आपले पायही जमिनीला लागलेले नाहीत. डोळे उघडे असतात. हात डबा उचलतो, ओततो, कापडी नळी झटकतो, झाकण लावतो. मी तेव्हा कुठं असते ते सांगता येत नाही. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन गेली, मी त्या उन्हाच्या पट्ट्यासमोर तशीच बसून आहे.

मी चौथी शिकले. आमचं गाव गंगापूरकडचं. पाचवीची शाळा पलीकडच्या गावात होती आणि तिकडं मुलींना पाठवत नसत. त्याचं मी रडगाणं गात नाही. डब्यावरची नावं वाचता येतात, चार ओळी लिहिता येतात. हे एवढ्यासाठी सांगते की पुढं मी कॉम्प्युटरच्या प्रोग्रामबद्दल लिहिणार आहे, आणि कुणाला वाटेल हिला कुणी लिहून दिलं. कुणी दिलं नाही. मला समजलं तेवढं लिहिते. समजलं नाही ते सोडते.

आधी गिरणीचं सांगते. बाहेरच्या माणसाला डब्यांची रांग दिसते आणि वाटतं, जो आधी आला त्याचं आधी. तसं नसतं. दगडाला आठवण असते. आधी जे दळलं त्याचं मूठभर पीठ दोन दगडांच्या मध्ये आणि पेटीच्या कोपऱ्यात राहतं, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. गव्हामागं गहू आला तर कुणाला कळत नाही. बाजरीमागं तांदूळ आला तर तांदळाचं पीठ राखाडी होतं आणि बाई डबा परत आणून आपटते. म्हणून रांग लावावी लागते. उपासाचं सगळ्यात आधी, झाडलेल्या दगडावर. मग तांदूळ, मग ज्वारी, मग बाजरी, मग गहू. हरभऱ्याची डाळ शेवटी, कारण ती दगडाला चिकटून बसते. मध्येच कुणी ज्वारी आणली तर तो डबा शेवटाला लावायचा नाही, ज्वारीच्या घोळक्यात सरकवायचा. मागचा गव्हाचा माणूस बोलतो. त्याला बोलू द्यायचं.

आणि एक डबा असा होता की त्याच्यासाठी हे सगळं बाजूला ठेवावं लागायचं. तो वंदनाचा. वंदना समोरच्या बोळात राहते, ब्लाउज शिवते. तिच्या मुलीला, गार्गीला, गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. चिमूटभर गव्हाचं पीठ पोटात गेलं तरी पोट फुगतं, जुलाब होतात, पोरगी आठवडाभर वाळून जाते. तीन वर्षांची होईपर्यंत कुणाला कळलंच नव्हतं कशानं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दळण घरीच दळा. घरघंटी तेव्हा वंदनाकडं नव्हती. मी तिला म्हटलं, सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी ये. मी दगड उघडायची, कुंच्यानं पेटी झाडायची, नळी बदलायची, माझी घरची दोन शेर ज्वारी आधी दळून ते पीठ गाईला घालायची आणि मग तिचा डबा ओतायची. चार वर्षं एक सोमवार चुकला नाही. गार्गी सात वर्षांची झाली, गालावर मांस आलं. मी कुणाच्या पोरांचं कौतुक करत नाही, पण तिच्या गालांत माझे सोमवार होते हे मला माहीत होतं.

आता शाहीन.

शाहीन आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहते. वयानं तिशीच्या पुढची, एकटी. कुठल्यातरी परदेशातल्या कंपनीचं काम घरी बसून करते, प्रोग्राम लिहिते. एकदा डबा ठेवायला आली ती परत गेलीच नाही. माझ्या रिकाम्या पोत्यांवर बसून तिनं लॅपटॉप उघडला.

"मावशी, बैठूं क्या थोडा? घरात इतकी शांतता आहे की डोकं चालत नाही."

"बस. पण कपडे पांढरे होतील, मग मला बोलू नको."

महिनाभर ती तशी येऊन बसत होती. आम्ही बोलत नव्हतो. गिरणीत बोलायचं तर ओरडावं लागतं. एक दिवस गिरणी थांबवून मोटरचा पट्टा उतरवला होता तेव्हा म्हणाली, "मावशी, तुमचे डबे आपणच सरकतात काय?"

"मी सरकवते."

"मी बघत होते. तुम्ही बसलेल्या होतात."

"बसूनच सरकवते."

ती हसली नाही. डब्यांकडं बघत राहिली, जसं कुणी पाण्याकडं बघतं.

माझा गुडघा तेव्हा गेलेला होता. उठून डबे सरकवणं जड जात होतं. त्यात लोक फोन करायचे, माझं झालं का, आणि फोनला पिठाचे हात लागायचे. शाहीननं तिचा जुना टॅबलेट आणला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून भिंतीला टांगला. मी त्याला पाटी म्हणते. डबा आला की पाटीवर नाव टाकायचं, धान्याचं चित्र दाबायचं. कुणाचा नंबर कधी ते पाटी सांगणार, झालं की लोकांना निरोप पाटीच पाठवणार. मला फक्त ओतायचं.

पहिल्या दिवशी पाटीनं इज्जत घालवली. शाहीननं साधी लिस्ट लावली होती. लिस्ट म्हणजे यादी, एकाखाली एक. जो आला तो शेवटी. बाजरीचे तीन डबे झाल्यावर पाटी म्हणाली, गुरुजी, राजगिरा. शाहीनला कळावं म्हणून मी तो मुद्दाम ओतला. गुरुजी शाळेतून कधीच रिटायर झालेत, पण अजून सगळ्यांचे कान धरतात. ते गिरणीसमोर उभे राहून स्वतःचं पीठ उतरताना बघतात.

"हे काय? राजगिऱ्याला बाजरीचा रंग? माझा एकादशीचा उपास मोडायचा ठरवलं आहे का तुम्ही?"

"मी नाही, हिनं," म्हणून मी पोत्यांकडं बोट केलं.

गुरुजी शाहीनकडं वळले. "तू काय शिकली आहेस?"

"इंजिनिअरिंग, सर."

"मग राजगिरा बाजरीच्या आधी, हे कुठल्या वर्षाला असतं?"

शाहीननं मान खाली घातली. मी दगड झाडून गुरुजींना माझ्या घरचा राजगिरा दळून दिला, मगच ते गेले.

त्या दुपारी तिनं मला समजावून सांगितलं आणि मला पहिल्यांदा त्यात गोडी वाटली. ती म्हणाली, "मावशी, साधी लिस्ट बिचारी आहे. तिला फक्त गिनती येते. पहिला, दुसरा, तिसरा. डब्यात काय आहे ते तिला दिसत नाही. पण ही भाषा लई बोलकी आहे, लिहिलं की लगेच चालते, शिजवत ठेवावं लागत नाही. तिच्यात आपण क्लास लिहू शकतो. क्लास म्हणजे स्वभाव लिहून ठेवायचा कागद. वरून ती लिस्टच दिसेल. तेच नंबर, तेच चौकोनी कंस. पण हात लावला की तुमच्यासारखी वागेल."

"माझ्यासारखी कशाला?"

"रांग तुमचीच आहे की."

मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. डबा आत आला तर रांगेनं काय करायचं? शेवटी टाकायचा नाही, आपल्या धान्यात बसवायचा. पुढचा डबा मागितला तर? आधी काय दळलं ते बघायचं. मेळ बसत असेल तर म्हणायचं, ओता. बसत नसेल तर म्हणायचं, आधी झाडा. 'गहू नको' अशी खूण असेल तर दगड उघडा, झाडा, नळी बदला, घरची ज्वारी फिरवा, मग ओता. ती लिहीत होती. मला तिनं दाखवलं, त्या कामांची नावं कशी असतात. आधी दोन आडव्या रेघा, मध्ये नाव, नंतर दोन आडव्या रेघा, जशी पुडीला दोन्हीकडून गाठ. ती म्हणाली, यांना आपण कधी हाक मारायची नसते. कुणी कंसात नंबर टाकला की ते आपणच उठून येतात. मला ते फार आवडलं. मी कित्येक दुपारी डोळे मिटून बघायची, दोन रेघांच्या मध्ये निजलेली ती नावं, आणि कुणी नंबर घातला की पिठातून उठून उभी राहणारी.

"आता हे सांगा," ती म्हणाली. "कुणी असा नंबर मागितला की जो रांगेत नाहीच. साधी लिस्ट ओरडते आणि सगळं बंद पडतं. आपल्या रांगेनं काय म्हणायचं?"

मी म्हटलं, "गिरणीत 'नाही' म्हणत नसतात. 'अजून आला नाही' म्हणतात."

"दोन्हीत फरक काय?"

"नाही म्हटलं की माणूस दुसऱ्या गिरणीत जातो. अजून आला नाही म्हटलं की उद्या डबा आणतो."

तिनं तसं लिहिलं.

एक फजिती सांगितली पाहिजे, आणि ती माझ्यामुळं झाली. तिनं विचारलं, रांगेची लांबी किती ते विचारलं तर काय सांगायचं? मी म्हटलं, मिनिटं. कारण माझ्या पुढं किती आहेत असं लोक विचारतात तेव्हा त्यांना डबे मोजायचे नसतात, थांबायचं किती ते हवं असतं. एक डबा चार किलोचा असतो, एक अर्ध्या पोत्याचा, मोजले तर दोन्ही एकच. तिला ते पटलं. दुसऱ्या दिवशी रांगेत अकरा डबे होते आणि काम दीड तासाचं. अकरा डबे झाले तरी पाटी थांबेना. बारावा, अजून आला नाही. तेरावा, अजून आला नाही. अशी ती नव्वदपर्यंत म्हणत राहिली. बायका दारात उभ्या राहून ऐकत होत्या, कारण तेव्हा पाटी बोलायचीसुद्धा. एक म्हणाली, "मावशी, कुणाची वाट बघतीय ही एवढी?"

शाहीन हसून हसून पोत्यावर आडवी झाली. कॉम्प्युटर लांबी विचारून तेवढ्या वेळा फिरतो, तिनं सांगितलं. लांबी नव्वद म्हणजे नव्वद हाका. "आपण जास्तच हुशारी केली मावशी. गिनती गिनतीच राहू दे. वेळ वेगळा विचारायचा." मला ते पटलं. सगळ्याच गोष्टींना आपला स्वभाव लावायचा नसतो. त्या दिवसानंतर पाटीचा आवाज मी बंद करायला लावला.

मग आठ महिने सुखाचे गेले. तेवढं सुख मला गिरणीत कधी मिळालं नव्हतं. पाटी म्हणायची ओता, मी ओतायची. पाटी म्हणायची झाडा, मी झाडायची. डब्यात हात घालून बघायचं, चिमूट नाकाला लावायची, मागच्या डब्याची आठवण ठेवायची, हे सगळं गळून पडलं. गुडघा दुखायचा कमी झाला. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकायचा आणि मी त्याच्याबरोबर कुठंकुठं जाऊन यायची. माहेरच्या विहिरीवर, लग्नाच्या आधीच्या एका दुपारी, जिथं काही घडलं नव्हतं, नुसतं ऊन होतं. परत आले की चार डबे झालेले असायचे. रांग माझ्यासारखी वागत होती, म्हणून मी वागायचं सोडलं. हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं, आणि कळून उपयोग नाही.

दिवाळीच्या आधी गिरणीत पाय ठेवायला जागा नसते. चकलीची भाजणी, अनारशाचे तांदूळ, लाडवाचं बेसन. त्या वर्षी मी एक जुनी लहान चक्की आणून मोठीच्या शेजारी बसवली. मी म्हटलं, शाहीन, रांग मधून तोडून दे. अर्धी मोठीवर, अर्धी लहानीवर. तिनं पाटीवर एक बटण दिलं. दाबलं की रांगेचे दोन तुकडे व्हायचे, त्याच पाटीवर दोन याद्या शेजारी शेजारी. सकाळपासून चांगलं चाललं. रांग तोडायच्या आधीच नीट लागलेली होती, म्हणून तुकडेही नीट दिसत होते. दोन चक्क्यांचे दोन आवाज एकमेकांत मिसळून एक तिसरा आवाज निघत होता, खोल, गोड. मी त्यातच होते.

बाराच्या सुमाराला वंदना आली. सोमवार नव्हता. तिच्या खांद्याला प्रवासाची पिशवी.

"मावशी, दीडच्या गाडीनं पिशोरला चाललेय. आईकडं, दिवाळीला. तिथल्या गिरणीवर माझा भरवसा नाय. एवढी ज्वारी दळून द्या."

नाही म्हणायला पाहिजे होतं. दोन्ही दगडांवर सकाळपासून गहू येऊन गेला होता. पण मला वाटलं, पाटी सांगेल झाडायला. मी नाव टाकलं, 'गहू नको'ची खूण दाबली. डबा लहान चक्कीच्या तुकड्यात गेला आणि एकदम शेवटी जाऊन बसला, गव्हाच्या तीन डब्यांमागं. ते मी पाहिलं. पाहिलं आणि बघत राहिले.

वंदना गार्गीला शाळेतून घ्यायला गेली. तीन डबे गहू झाला. पाटीवर आलं, गार्गी, ज्वारी, ओता. झाडा आलं नाही. लहान चक्कीच्या तोंडातून गरम गव्हाचा वास येत होता, भाजल्यासारखा, गोडसर. तो मला आला. हातानं डबा उचलला आणि ओतला.

वंदना आली, डबा घेतला, गार्गीनं मला हात हलवला आणि दोघी गेल्या.

अडीच वाजता लाईट गेली. पट्टे दोन-चार फेऱ्या आपल्या आपण फिरले आणि थांबले. एवढी शांतता की उडणारं पीठ खाली बसल्याचा आवाज यावा. त्या शांततेत मला माझा हात दिसला, डबा ओतणारा. मी उठून लहान चक्कीची पेटी उघडली. कोपऱ्याकोपऱ्यात गव्हाचं पीठ होतं.

वंदनाचा फोन लागेना. शाहीनला बोलावलं. ती धावत आली, पाटीकडं बघितलं, तिचा चेहरा पिठासारखा झाला.

"मावशी, झाडा नाही आलं?"

"नाही."

"तुम्हाला लक्षात नाही आलं?"

"पिशोरला चल," मी म्हटलं.

गिरणीसमोर गिऱ्हाईक उभं असताना मी कुलूप लावलं. एसटीनं कन्नडपर्यंत गेलो, तिथून जीप. जीपमध्ये मी पुढं आणि शाहीन मागं, लॅपटॉप मांडीवर घेऊन. बाहेर कापूस फुटलेला होता, दोन्ही बाजूंनी पांढरा, जसं कुणी गिरणीची नळी मोकळी सोडून गेलं. ऊन तिरपं झालं होतं. रस्त्याच्या कडेला मक्याची कणसं वाळत घातली होती. सगळं कसं हळू चाललं होतं, जीपसुद्धा. मला वाटत होतं हे स्वप्न आहे आणि मी गिरणीत बसलेली आहे, आता लाईट येईल, आवाज सुरू होईल. ड्रायव्हरनं विचारलं, "आजी, दिवाळीला लेकीकडं का?" मी म्हटलं, "गप गाडी चालव."

मागून शाहीन एकदम म्हणाली, "सापडलं."

जीपमधल्या लोकांसमोर तिनं सांगितलं. रांग आमची होती, तिला स्वभाव होता. पण ती तोडली की हातात आलेला तुकडा आमची रांग नसतो, साधी लिस्ट असते. दिसायला तशीच, नंबर तेच, डबे तेच. स्वभाव गेलेला. तिला ना ज्वारी कळते ना गहू. आलेला डबा शेवटी टाकते आणि मागितलेला डबा मुकाट्यानं देते. "हे मला माहीत होतं मावशी. पुस्तकात असतं. मी तोडायचं बटण दिलं आणि तोडल्यावर काय होईल ते बघितलंच नाही. गलती मेरी है."

"निम्मी," मी म्हटलं.

वंदनाच्या आईचं घर बाजाराच्या मागं आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात चूल पेटलेली होती आणि गार्गी ताटलीत दूध-भाकरी कुस्करत होती. वंदना आम्हाला बघून उठली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मी काही बोलायच्या आधी पोरीच्या हातातली ताटली काढून घेतली.

"किती खाल्ली?" मी विचारलं.

"दीड."

गार्गी मला म्हणाली, "आजी, माझं पोट दुखत नाहीये." तिला वाटलं तिला कुणी रागावतंय.

शाहीननं सांगायला सुरुवात केली, तुकडा, लिस्ट, स्वभाव. वंदनानं ऐकून घेतलं. तिला त्यातलं काही नको होतं. ती माझ्याकडं वळली.

"मावशी, वास नाय आला तुम्हाला?"

तिच्या आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं असतं, दोन चक्क्या होत्या, गर्दी होती, सर्दी झाली होती. तिनं मानलं असतं.

"आला होता," मी म्हटलं.

तिनं हातातली ताटली ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "मी चार वर्षं तुमच्याकडं येत होते ती त्या पाटीसाठी नाय."

तिच्या आईनं आम्हाला चहा दिला. आम्ही प्यालो, कारण दिलेला चहा टाकून उठता येत नाही. वंदनानं तो सगळा डबा उकिरड्यावर ओतला. कोंबड्या धावल्या.

गार्गीचं दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. दिवाळीचे सगळे दिवस ती खाटेवर होती. एक दिवस सलाईन लावावं लागलं. बरी झाली. हे मला वंदनानं सांगितलं नाही, तिच्या शेजारणीनं सांगितलं. पुढच्या महिन्यात वंदनाच्या भावानं तिला घरघंटी आणून दिली. रस्त्यात भेटलो तर ती मान हलवते, मीही हलवते. आमच्यात भांडण नाही. ते असतं तर बरं होतं, भांडण मिटतं.

शाहीननं क्लास दुरुस्त केला. आता रांग कशीही तोडली, मधून, शेवटातून, एकाआड एक डबा उचलून, तरी निघालेला तुकडा आमची रांगच असतो, त्याला सगळं आठवतं. तिनं आणखी एक गोष्ट केली. प्रोग्राममध्ये ती काहीही बदलते तेव्हा कॉम्प्युटर आधी स्वतःची परीक्षा घेतो. गहू चालू असताना, रांग तोडलेली असताना, गार्गीचा डबा मध्येच आला, तर काय म्हणशील? आधी झाडा, असं उत्तर आलं तरच पुढं जातो. त्या परीक्षेला तिनं गार्गीचं नाव दिलंय. म्हणजे ती पोरगी रोज कुठंतरी त्या कागदावर डबा घेऊन येते आणि रोज तिला बरोबर दळून मिळतं.

मी चांगलं काम केलं असं मी अजूनही म्हणते. गल्लीतल्या दोन पिढ्यांनी माझं पीठ खाल्लं. माझ्या हातची रांग एका बाईनं असल्या भाषेत उतरवून घेतली की ती मी नसतानाही लागेल, याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण स्वभाव लिहून दुसऱ्याला दिला म्हणून आपल्याकडचा संपवायचा नसतो. तो मी संपवला होता. पाटीचं बटण रांग तोडताना चुकलं, माझं नाक चुकलं नव्हतं. मीच त्याचं ऐकलं नाही.

शाहीन मध्ये एकदा म्हणाली, "मावशी, सोमवारचा तो ठरलेला पहिला नंबर रिकामा जातो. गार्गीचं नाव काढून टाकूं क्या? कायको रखना?"

"राहू दे," मी म्हटलं.

गिरणी अजून चालते, लहान चक्की मी विकली. सोमवारी सकाळी शटर वर करते तेव्हा ऊन नुकतं उंबऱ्यावर आलेलं असतं. आवाज अजून सुरू झालेला नसतो, म्हणून मी पूर्ण जागी असते. पाटी लावते. पहिल्या ओळीवर येतं, गार्गी, ज्वारी, आधी झाडा. त्याच्याखाली, अजून आला नाही.

मी दगड उघडते. कुंच्यानं पेटी झाडते, कोपरे बोटानं काढते, नळी बदलते. घरची दोन शेर ज्वारी फिरवून पीठ गाईसाठी बाजूला ठेवते. थोडा वेळ थांबते. मग दुसऱ्या नंबरचा डबा ओढते, झाकण काढते आणि ओतायच्या आधी त्यात हात घालून चिमूट नाकाशी नेते.